हाउगेनचा झेंडा अर्ध्यावर

अर्लिन हाउगेनच्या अंगणातला झेंडा वर चढता चढता खांबाच्या मध्यावर अडकला, आणि त्याच्या कॉफीची वाफ विरायच्या आत अमेरिकेतल्या नॉर्डाल गावानं ठरवून टाकलं, की हे राजकारण आहे.

राजकारणबिजकारण काही नव्हतं. वरच्या कप्पीतून दोरी घसरली होती आणि चाकाच्या बाजूला पाचरीसारखी रुतून बसली होती. अर्लिननं ती ओढली, हिसडली, खांबाला दोन लाथा घातल्या. गुडघ्यात कळ आली म्हणून तिसरी घातली नाही. झेंडा ना वर, ना खाली. आदल्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन परदेशी मालावर नवे कर जाहीर केले होते, आणि सकाळी त्यांच्याच कट्टर माणसाच्या दारात झेंडा अर्ध्यावर, म्हणजे सुतकात. लोकांनी तरी दुसरं काय समजायचं?

"फायर ब्रिगेडला फोन कर," त्याची बायको डोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "त्यांच्याकडे शिडी आहे."

"म्हणजे ते भोंगा वाजवत येणार आणि गाव गोळा होणार."

"मग समोर लॉइडला सांग. त्याच्या ट्रॅक्टरला माणूस वर न्यायचा पाळणा आहे. घटकाभराचं काम."

"त्याला सांगण्यापेक्षा मी स्वतः चढेन."

"चढ. मी विम्याचे कागद काढून ठेवते," असं म्हणून डोरीननं खिडकी लावून घेतली.

समोरच्या घरातला लॉइड कुबियाक जिनसेंग पिकवायचा. काळ्या कापडाच्या मांडवाखाली वर्षानुवर्षं जपून वाढवलेली ही मुळं चीनमधले लोक औषध म्हणून हौसेनं घेतात. इथं विस्कॉन्सिन राज्यात मात्र त्यांचा काढा फुकट दिला तरी कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. अमेरिकेनं कर लावले की चीनही उलट कर लावणार आणि लॉइडचं पीक कोठारात पडून राहणार, हे उघड होतं. अर्लिनचं दुखणं बरोबर उलट दिशेचं होतं. गावातल्या कारखान्यात त्यानं उमेदीची सगळी वर्षं लोखंडी कप्प्या ओतण्यात घालवली होती, आणि मग मालकानं एक दिवस कारखाना उचलून परदेशात नेला होता. त्यामुळे बाहेरच्या मालावर कर बसला की अर्लिनच्या जिवाला गार वाटायचं.

दोघांचं म्हणणं आपापल्या परीनं खरं होतं, आणि भांडण कायम टिकायला तेवढं पुरतं. वसंतात, करांची नुसती चर्चा होती तेव्हाच, एका शुक्रवारी गावच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत ते पेटलं.

"देशासाठी थोडं सोसावं लागतं, लॉइड," अर्लिन तोंडात घास असताना म्हणाला होता.

"मग तू सोस की! माझं पीक विकत घे आणि पी उकळून."

"तो कडू काढा? मेलो तरी नाही."

तेव्हापासून बोलणं बंद. वर अर्लिननं गावच्या साप्ताहिकात पत्र छापून आणलं. लॉइडच्या झेंड्याची कड विरली होती, त्यावर नाव न घेता लिहिलं, की ज्यांना झेंडा नीट ठेवता येत नाही त्यांनी खांबावर टॉवेल वाळत घालावेत. शेवटी हेही लिहिलं, की माझ्या खांबावर पायथ्यापासून टोकापर्यंत सगळं अमेरिकन आहे, आणि अमेरिकन माल अडकत नाही. हे शेवटचं वाक्य त्याला आज सकाळपासून फार छळत होतं.

त्यात चार जुलै आठवड्यावर आला होता. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे झेंडा घेऊन अर्लिन चालायचा. आधी त्याचा बाप चालायचा. झेंड्याची काठी टेकवायचा चामडी पट्टा बापाचाच होता, आणि अर्लिन तो वर्षभर तेल लावून जपायचा. कारखाना गेला, गुडघे गेले, मुलगा नोकरीसाठी टेक्सासला गेला. हा एक मान तेवढा उरला होता, आणि तो गेला असता तर अर्लिनला गावात तोंड दाखवावंसं वाटलं नसतं.

पहिली मोटार थांबली ती बर्निस ओपडालची. चर्चमध्ये सगळ्यांच्या वरचा सूर लावणारी आणि विरोधी पक्षाच्या पाट्या वाटणारी बाई. तिनं काच खाली केली.

"कोण गेलं रे, अर्लिन?"

"कुणी नाही."

"मग झेंडा असा का?"

दोरी अडकली, हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले आणि त्या पत्राला अडखळून परत गेले. "आहे तिथं ठीक आहे," तो म्हणाला.

बर्निसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "देशाचं सुतक! अर्लिन, तू! शेवटी तुझेही डोळे उघडले म्हणायचे."

"माझे डोळे पहिल्यापासून उघडेच आहेत!" तो ओरडला. पण ती निघून गेली होती, आणि बर्निसला कळलेली गोष्ट चर्चच्या घंटेपेक्षा लवकर गावभर जाते.

पाठोपाठ ड्वेन प्रॉकनाउचा फोन. हा तरुण गडी अर्लिनच्याच पक्षाचा गावातला म्होरक्या, शिवाय मिरवणूक समितीचा अध्यक्ष.

"अर्लिन, हे काय ऐकतोय मी? साहेबांनी काल एवढी हिंमत दाखवली आणि तुम्ही आज सुतक पाळताय?"

"कोण म्हणतं सुतक?"

"झेंडा म्हणतोय! हे बघा, सूर्य मावळायच्या आत तो टोकाला दिसला पाहिजे. नाहीतर चार तारखेला झेंडा दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल मला."

झेंडा टोकाला न्यावा म्हणून अर्लिन सकाळपासून दोरीशी झटत होता. पण तेच काम कालच्या पोरानं हुकूम म्हणून सांगितलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खांब माझा, झेंडा माझा," तो गरजला. "किती उंच लावायचा ते मी ठरवीन. तू नाही, तुझी समिती नाही, आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः आले तरी त्यांनाही हेच सांगेन!"

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण नेमकं काय बोलून बसलो. डोरीनच्याही आलं होतं.

"आता खरंच राजकारण झालं," ती म्हणाली.

दुपारी बर्निसची मंडळी घडीच्या खुर्च्या, पाट्या आणि सफरचंदाची पाई घेऊन अंगणात दाखल झाली.

"माझ्या गवतावरून उठा!" अर्लिन म्हणाला.

"खचलाय बिचारा," बर्निस शेजारणीला म्हणाली, आणि त्याच्या हातात पाईचा मोठा तुकडा दिला. विरोधकांची पाई खाणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यानं ती बसून न खाता उभ्याउभ्या खाल्ली.

तेवढ्यात ड्वेनची माणसं पिकअप गाड्यांना चादरीएवढे झेंडे लावून भोंगे वाजवत घराला घिरट्या घालू लागली. "गद्दार!" असं कुणीतरी ओरडलं. त्यावर अर्लिननं पाईचा काटा उगारून असं उत्तर दिलं, की डोरीननं पुन्हा खिडकी लावली. डाक टाकायला आलेल्या पोस्टमननं टोपी काढली आणि कोण वारलं हे न विचारता क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. अर्लिन दोन्ही बाजूंशी भांडत होता, आणि दोन्ही बाजू तो आपल्याविषयी काय म्हणतोय यापेक्षा समोरच्यांविषयी काय म्हणतोय तेवढंच ऐकत होत्या.

एकटा लॉइड आपल्या ओसरीवर कप घेऊन बसून होता. सगळं गाव झेंड्याकडे बघत होतं. लॉइड खांबाच्या टोकाकडे बघत होता. मांडवांची कापडं दोऱ्यांनी ताणण्यात ज्याचा जन्म गेला त्याला अडकलेली कप्पी न कळायला काय झालं? अर्लिनलाही ते कळत होतं. समोरचा माणूस सकाळपासून मजा बघतोय, या विचारानं पाईसुद्धा त्याच्या घशाखाली नीट उतरेना.

ऊन कलायला लागलं. अंधार पडायच्या आत झेंडा उतरवायचा, नाहीतर त्यावर दिव्याचा झोत सोडायचा, हे अर्लिननंच गावाला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्याच्याजवळ तसा दिवा नव्हता. ड्वेनही आता गाडीतून उतरून घड्याळ बघत उभा होता. तेव्हा समोर ट्रॅक्टर सुरू झाला, आणि रस्ता ओलांडून लॉइड सरळ अंगणात आला.

"मी तुला बोलावलं नव्हतं," अर्लिन म्हणाला.

"मी तुझ्यासाठी आलोय कुठं? झेंड्यासाठी आलोय. सूर्य बुडतोय. नियम तुझाच आहे."

लॉइड पाळण्यात चढला, खटका ओढून वर गेला, पक्कड चालवली आणि खाली आला. हातातली कप्पी त्यानं गर्दीकडे पाठ करून अर्लिनच्या तळहातावर ठेवली. चाक तडकलं होतं. बाजूवर बारीक अक्षरांत बनवणाऱ्या देशाचं नाव होतं: चीन.

गेल्या शरद ऋतूत अर्लिननंच ती दुकानातून आणून बसवली होती. पाकिटावर भलामोठा अमेरिकन झेंडा छापलेला होता. चष्मा घरी राहिला होता, पण झेंडा चष्म्याशिवायही दिसत होता, म्हणून त्यानं पुढचं काही वाचलं नव्हतं. कप्प्या ओतण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं! त्याचे कान तापले. आता लॉइड ओरडून सगळ्यांना सांगणार, आणि सांगितलं तर त्याचं चुकणारही नाही.

लॉइडनं आवाज खाली आणला. "पाकीट बघून घेतलीस ना? मीही एकदा तसाच फसलो होतो." मग त्यानं खिशातून दुसरी कप्पी काढली, तेलानं काळी झालेली, जड. "ही लावतो. आधी वाच, म्हणजे मागून तक्रार नको."

अर्लिननं अंगठ्यानं तेल पुसलं. खाली त्याच्याच कारखान्याचा शिक्का होता. नॉर्डाल, विस्कॉन्सिन.

"मांडवावर सगळ्या याच आहेत," लॉइड म्हणाला. "बापानं घेतलेल्या. एकही कधी अडकली नाही."

अर्लिनला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं, पण त्यानं शिक्क्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि कप्पी परत दिली.

कप्पी बसली. अर्लिननं दोरी ओढली आणि झेंडा लोण्यातून सुरी जावी तसा टोकापर्यंत गेला. लगेच ड्वेननं हात उंचावले. "आले भानावर! आमचा दणका!"

"दमदाटी केली म्हातार्‍यावर!" बर्निस किंचाळली. "नमला बिचारा!"

नमला? अर्लिन पाळण्याच्या पायरीवर चढला.

"गप्प बसा सगळे! मी कुणाच्या दणक्यानं नमलो नाही आणि माझे डोळेबिळे काही उघडले नाहीत. ही कप्पी अडकली होती! ही! चीनची आहे, मीच आणली, मीच बसवली, आणि पेपरात खोटी फुशारकीही मीच मारली. लॉइडनं स्वतःची कप्पी लावली म्हणून झेंडा सुटला. एवढंच! आता घरी जा!"

ड्वेननं कडाडून टाळी वाजवली.

"ऐकलंत? चिनी माल आपला झेंडा अडवतो! कर का हवेत, ते याहून चांगलं कुणी सांगेल?"

"आणि सोडवला कुणी?" बर्निसनं त्याच्याहून जोरात टाळी दिली. "तुमचे कर ज्याला बुडवतायत त्यानं! शाब्बास, अर्लिन!"

"अरे, मी कप्पीबद्दल बोलतोय!" अर्लिन ओरडला. पण दिवसभरात पहिल्यांदाच दोन्हीकडून एकदम टाळ्या पडत होत्या, आणि त्याच्या बोलण्यातली कप्पी कुणालाच खरी वाटली नाही. "कप्पी म्हणे!" पोस्टमन कौतुकानं म्हणाला. "काय मुरलेला माणूस आहे!" ड्वेननं जाता जाता डोळा मारला. "चार तारखेला झेंडा तुमचाच. हेच भाषण तिथंही करा."

खुर्च्या मिटल्या, गाड्या गेल्या. अर्लिननं झेंडा हळूहळू उतरवला. तिकोनी घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. रोज डोरीन असायची, आज ती बर्निसची उरलेली पाई झाकून ठेवत होती. लॉइडनं दुसरं टोक धरलं. ही घडी घालताना एकानं दुसऱ्याकडे सरकत यावंच लागतं. शेवटची दुमड पडली तेव्हा दोघं नाकासमोर नाक होते.

"मिरवणुकीत झेंडा समोरून जाताना मी उठून उभा राहीन," लॉइड म्हणाला. "झेंड्यासाठी. तुझ्यासाठी नाही."

"माझ्यासाठी उभं राहायला सांगितलंय कुणी?"

झेंडा डोरीनच्या हाती देऊन अर्लिन बाहेर आला, आणि वसंतापासून पहिल्यांदाच रस्ता ओलांडून लॉइडच्या ओसरीवर जाऊन बसला.

"दे तो तुझा काढा."

लॉइडनं कप पुढे केला. अर्लिननं घोट घेतला आणि त्याचं तोंड पार बोळक्यासारखं झालं.

"कसाय?"

"भयंकर. आणि कर बरोबरच आहेत."

"साफ चूक आहेत."

समोरच्या खांबाच्या टोकावर नॉर्डालची कप्पी अजून थोडी हलत होती. अर्लिननं तिच्याकडे पाहत कप रिकामा केला आणि लॉइडपुढे धरला.

"आणखी ओत."