बावखलातला आवाज

भूत, करणी, झपाटलेलं झाड असल्या गोष्टींना माझ्या वर्गात थारा नाही. मी आठवीला विज्ञान शिकवतो. बारा वर्षांत मुलांसमोर एकदाही दचकलेलो नाही, असं मी वसईत कोणालाही छातीठोकपणे सांगायचो.

जानेवारीत परिसंस्थेचा धडा आला. फळ्यावर बेडूक काढण्यापेक्षा खराच दाखवावा, म्हणून एकोणतीस मुलं घेऊन मी शाळेमागच्या वाडीतल्या बावखलावर गेलो. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं.

सकाळचं धुकं दाट होतं. वाडीच्या मालकीणबाई फ्लॉसी आंटी केळींना पाणी सोडत होत्या. म्हणाल्या, "सर, त्या जांभळीकडे नेऊ नका पोरांना."

"का?"

"तिथं गेलेला माणूस लवकर सुटत नाही. परवा गॅसवाला अडकला. परत आला तेव्हा तोंड पांढरंफटक."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी हसलो आणि मुद्दाम त्यांना जांभळीखालीच नेलं.

तिथं उजेड कमी होता. पाण्यावर जलपर्णीचा जाड थर. मघापासून ओरडणारी पाणकोंबडी एकाएकी गप्प झाली. तळातून बुडबुडे येत होते आणि वारा नसताना पानं सरकत होती.

"सर, खाली कायतरी हलतंय," सिद्धेश म्हणाला.

"मासे असतील." माझा आवाज जरा घोगरा आला. धुक्यामुळे.

मी धडा सुरू केला. "शेवाळ किडा खातो, किड्याला बेडूक, बेडकाला साप. मग शेवटी या सगळ्यांना कोण खातं?"

मग पाण्याकडून एक संथ, ओलसर आवाज आला.

"विघटक."

एकोणतीस तोंडं माझ्याकडे वळली. बारा वर्षांत या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकाही मुलाने दिलं नव्हतं.

"कोण बोललं?"

"आमच्यातलं कोणी नाही, सर," रोवेना कुजबुजली.

"विघटक नसते," आवाज आता जवळून आला, "तर मेलेलं सगळं इथंच पडून राहिलं असतं. आपणसुद्धा."

काठाजवळची जलपर्णी हळूहळू वर उचलली गेली. तिच्याखाली एक डोकं होतं. कपाळावरून काळ्या मुळ्या लोंबत होत्या आणि त्यांच्यामागून दोन डोळे माझ्याकडेच बघत होते.

मुलं पळाली. मीही पळालो. आधी कोण, याबद्दल मतभेद आहेत.

केळींपाशी पोचून मी मुलं मोजली. अठ्ठावीस. पुन्हा मोजली. अठ्ठावीसच.

ॲंजेला नव्हती. वर्गातली सगळ्यात बारकी, वर्षभरात एकही प्रश्न न विचारलेली. तिच्या आईने सहलीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तिला पोहता येत नाही.'

मुलांना आंटींकडे सोपवून मी एकटाच परत गेलो. हाका मारल्या. जांभळीखाली तिच्या सँडल होत्या, नीट शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून. तेवढ्या वेळात मला माहीत असलेले सगळे देव आणि वसईतले दोन संत मी आठवून घेतले.

मग कुजबूज ऐकू आली. झाडामागच्या दगडी पायरीवर ॲंजेला पाण्यात पाय सोडून बसली होती. शेजारी कमरेएवढ्या पाण्यात ते डोकं, आता धडासकट.

"सर, हे फ्लॉसी आंटींचे मिस्टर," ती म्हणाली. "प्लासिड सर. तुम्ही यायच्या आधी आपल्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. जलपर्णी काढली नाही तर बावखल मरतं, म्हणून रोज काढतात. सर, गोगलगायीला दात असतात, तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. पण मी तिच्याजवळ मटकन बसलो आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

"बोलवा सगळ्यांना," प्लासिड सर म्हणाले. "रिटायर झाल्यापासून ऐकायला कोणी थांबतच नाही."

आम्ही दीड वाजता सुटलो. ॲंजेलाने आणखी अकरा प्रश्न विचारले.

आता हेडबाईंनी परिसंस्थेचा धडा प्लासिड सरांना दिला आहे. मला धावण्याच्या स्पर्धेसाठी मुलं तयार करायची आहेत. माझं नाव मुलांनीच सुचवलं म्हणे.