बल्लारपूरच्या सहा जोड्या

नियोजन कसं करावं हे शिकायचं असेल तर माणसानं माझ्याकडं यावं! बल्लारपुरात माझं प्लायवूडचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी मी ओळखतो, याला दरवाजा पाहिजे की दिवाण. कोणाच्या घरचं लग्न असो, कॉलनीचा गणपती असो, लोक म्हणतात, "प्रवीणभाऊ, तुमीच पाहा!" म्हणजे, म्हणत होते. त्या रविवारपर्यंत.

माझ्याकडं एक स्पोर्ट्‌स कार आहे. पिवळी, दोन दारांची, दोनच माणसांची. हैदराबादहून सेकंडहँड आणली. बटण दाबलं की तिचे पुढचे दिवे पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. डावा दिवा एकदा वर आला की खाली जायचं विसरतो, त्यामुळं ती रस्त्यानं डोळा मारत चालल्यासारखी दिसते. असू द्या! चंद्रपूर जिल्ह्यात अशी दुसरी गाडी दाखवा म्हणावं!

बरीच वर्षं कोणी दाखवली नाही. मग प्रफुलनं लाल घेतली.

डॉक्टर प्रफुल म्हणजे आमच्याकडचा दातांचा डॉक्टर. उंच, सडसडीत, आणि हसला की दवाखान्याची फुकट जाहिरात! गाडी नवीकोरी, छप्पर उघडणारी. तो चौकात आला की सिग्नलसुद्धा त्याच्या गाडीला मॅचिंग म्हणून लाल होतो. माझी बायको रीता त्याच्याकडं दाढ भरायला गेली आणि घरी येऊन दाढेबद्दल एक शब्द नाही!

"अहो, काय गाडी आहे डॉक्टरांची! आणि माणूस किती साधा!"

साधा! छप्पर काढून गावभर फिरणारा माणूस साधा!

मी जळतो असं समजू नका. मी फक्त लक्ष ठेवून असतो. तो गाडी कुठं धुतो, कशानं पुसतो, कोणासोबत फोटो काढतो, एवढंच. माणसाला माहिती असलेली बरी.

तर, आमचा सहा गाडीवाल्यांचा ग्रुप आहे. महिन्यातून एकदा चंद्रपूरच्या बाहेर एका ढाब्यावर आम्ही चहा पितो आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. त्या दिवशी प्रफुल म्हणाला, "आपण ग्रुपचा एक ट्रॅक डे करू या. दक्षिणेत चांगले ट्रॅक आहेत. गाड्या ट्रकवर टाकू, राहणं-खाणं सगळं मी बघतो."

ट्रॅक डे म्हणजे बंद रस्त्यावर, मध्ये गाय, म्हैस, ऑटो काही न येता, मनसोक्त गाडी पळवायचा दिवस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गडचांदूरचा मिथुन, सिमेंटच्या वाहतुकीचा ठेकेदार, तो तर उठून उभाच राहिला. "डॉक्टर, आपल्या ग्रुपचे कॅप्टन तुमीच!"

कॅप्टन! इतकी वर्षं ढाब्यावर चहा-भज्यांची ऑर्डर कोण देत होतं? मी! आणि कॅप्टन हा!

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "दक्षिणेत कायले जायचं बाप्पा? ट्रॅक मी इथीच देतो. येत्या रविवारी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. प्रफुल हसून म्हणाला, "वा प्रवीण! हे तर फारच छान!" त्याचं हे हसणंच मला सहन होत नाही. माणसानं निदान थोडं तोंड तरी वाकडं करावं!

माझ्या डोक्यात होते वामनराव. गडचांदूरच्या पलीकडच्या एका गावचे माजी सरपंच. त्यांच्या घराची सगळी दारं माझ्या दुकानातली. त्यांच्या जमिनीवर पूर्वी चुनखडीची खाण होती. खाण बंद पडली, जमीन परत मिळाली, आणि डंपरसाठी केलेला रुंद सिमेंटचा रस्ता फुकटात मागं राहिला. सरळ, गुळगुळीत, निर्मनुष्य! फक्त सुरुवातीला एक उंचवटा होता. प्रफुलची गाडी जमिनीपासून चार बोटं वर. ती तिथं घासणार, खर्रकन आवाज येणार, सगळे बघणार... या विचारानं मला दोन रात्री फार गोड झोप लागली.

वामनरावांना फोन लावला तेव्हा दुकानात प्लाय कापायचं मशीन चालू होतं आणि ते तिकडं कापसात उभे होते. खेड्यातल्या माणसाला ट्रॅक डे काय कळणार, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याच भाषेत सांगितलं. तिकडं शर्यतीला पट म्हणतात.

"वामनभाऊ, तुमच्या इथी गाड्यांचा पट घ्यायचा हाय!"

"पट? हव ना भाऊ! या ना! कधी?"

"येत्या रविवारी."

"रविवारीच तर हाय! परवानगी-बिरवानगी सगळी तयार हाय. किती जोड्या आणता?"

मी म्हटलं, बायकांना पण घेऊन येतोय हे याला कसं कळलं? पण सरपंच राहिलेला माणूस, अंदाज असतो. "सहा जोड्या!"

"सहा? बल्लारपूरहून? अरे वा! आमच्याकडं कोणी एवढं नाई आणत. दातानं कशा हायत?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. पण इथंही प्रफुलचंच नाव घ्यावं लागलं. "दाताची काळजीच नका करू. दातांचा डॉक्टरच संगं येऊन राह्यला!"

पलीकडून भारावलेला आवाज आला, "डॉक्टर बी? मानलं भाऊ तुमाले! बरं, सावलीत खुटे ठोकून ठेवू ना?"

"पायजेच! मजबूत ठोका." ट्रॅकच्या कडेला खुणा लागतातच.

"आन् चारापाणी?"

"जोरदार ठेवा! आमचे सगळे दाबून खातात!"

फोन ठेवला आणि रीताला म्हटलं, "बघ. याला म्हणतात नियोजन. पाच मिनिटांत!"

रविवारी सकाळी आम्ही बल्लारपूरहून निघालो. सगळ्यात पुढं मी. प्रफुल दोनदा बरोबरीला आला, दोनदा मी हॉर्न वाजवून त्याला मागं ढकललं. खाणीच्या रस्त्याला लागलो, उंचवटा दिसला, आणि प्रफुलची फजिती नीट दिसावी म्हणून मी आरशात बघायला लागलो. पुढं बघितलंच नाही.

खर्रर्र!

ती माझी गाडी होती. सायलेन्सर उंचवट्यावरच राहिला. आरशात बघतो तर प्रफुल शांतपणे थांबला, बायकोला खाली उतरवलं, गाडी तिरकी घेतली आणि मांजर कुंपणावरून उतरावं तसा अलगद पलीकडं आला. वर हात करून विचारतो काय, "प्रवीण, लागलं का रे?"

"नाई!" मी ओरडलो. ओरडावंच लागलं, कारण आता माझी गाडी मळणी यंत्रासारखी गर्जत होती.

वळण घेतलं आणि मी ब्रेक दाबला. समोर मांडव! भोंगे! भज्यांची, रसवंतीची दुकानं! आणि माणसं... माणसं किती तर जत्रा लाजेल! आमचा आवाज ऐकून अर्धी गर्दी वळली. "कोनाचा तरी ट्रॅक्टर आला," एक आजोबा म्हणाले.

कमानीवर फलक होता: 'भव्य पट. बल्लारपूरच्या सहा नामांकित जोड्यांचे हार्दिक स्वागत!'

"प्रवीणभाऊ!" मिथुन धावत आला. "अबे, हे एवढं सगळं तू केलं?"

मी गॉगल वर सरकवला. "ग्रुपसाठी थोडंफार करावं लागते."

प्रफुलनं माझा हात हातात घेतला. "यार, मला हे कधीच जमलं नसतं." खरं सांगतो, त्या वाक्यानं माझ्या पोटात असा गारवा आला! आयुष्यात तेवढी पाच मिनिटं मी त्याच्यावर खूश होतो.

तेवढ्यात गुलाबी फेटा बांधलेले वामनराव नारळ घेऊन आले. आमच्या गाड्यांभोवती एक चक्कर मारली. वाकून मागं बघितलं. रस्त्याकडं बघितलं.

"प्रवीणभाऊ, जोड्या कुठी हायत? मागून ट्रक येऊन राह्यला का?"

"ह्या काय!" मी अभिमानानं आमच्या सहाही नवरा-बायकोंकडं हात केला.

वामनरावांनी मला खालून वर बघितलं. मग रीताला. मग परत मला. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "मी बैलजोड्या म्हंतो."

माझ्या डोक्यात तो सगळा फोन उलटा फिरला. पट म्हणजे बैलांची शर्यत! दातांवरून बैलाचं वय बघतात! खुटे बांधायला! लिंबाच्या सावलीत आमच्या नावानं हिरव्या वैरणीचे सहा ढीग लावलेले होते, प्रत्येकापुढं पाण्याचं घमेलं! आणि ज्या सिमेंटच्या रस्त्यावर आमच्या गाड्या पळायच्या होत्या, तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत छकडे सोडलेले आणि बैल रवंथ करत बसलेले. पट व्हायचा होता बाजूच्या मोकळ्या वावरात.

पण भोंग्यावरच्या माणसाला हे कोण सांगणार? तो सुरूच! "बल्लारपूरची पहिली जोडी मैदानात दाखल होऽऽ! प्रवीणभाऊची जोडी! काय तिचा डौल, काय तिची चाल होऽऽ!"

रीतानं माझ्याकडं असं बघितलं की मी तिथंच वैरणीत तोंड घालावं.

गर्दीला कळायला वेळ लागला नाही. "बैलं नाई आणले? मंग पळवते काय, बायकोले?" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. वामनराव मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहराच उतरला. "आजूबाजूच्या गावाले मी शब्द देऊन बसलो, भाऊ. लोकं तुमच्या जोड्या पाह्यले आले. आता मी काय सांगू त्यायले?"

मला खरंच वाईट वाटलं. इतक्यात प्रफुल पुढं झाला. "मी बोलू का लोकांशी?" म्हणत त्यानं माइककडं हात नेला.

बस! माइक त्याच्या हातात जाणार? आणि हा ते हसणं हसणार? मी झडप घालून माइक ओढला. "मंडळी! शर्यत होणारच! एकीकडं माझी गाडी, दुसरीकडं तुमची सगळ्यात तेज जोडी! होऊन जाऊ द्या!"

गर्दीनं टोप्या उडवल्या. सुकलू नावाचा एक काटक शेतकरी पाखऱ्या आणि तुफान ही आपली जोडी घेऊन आला. मी गाडी वावरात उतरवली. रीता दार उघडून बाहेर आली.

"मी नाही बसत. तुम्ही जा."

भोंगा लगेच म्हणाला, "जोडी फुटली होऽऽ! बल्लारपूरचा एकलाच पळून राह्यला!"

झेंडा पडला. सुकलू "हाऽऽ!" म्हणाला आणि पाखऱ्या-तुफान बाणासारखे सुटले. मी जीव खाऊन पाय दाबला. गाडीनं अशी गर्जना केली की आजूबाजूच्या गावांतली कुत्री भुंकली असतील. मागची चाकं गरागरा फिरली, मांडवातल्या पाहुण्यांवर मातीचा पाऊस पडला, वामनरावांचा गुलाबी फेटा काळा झाला, आणि गाडी? गाडी जागच्या जागी खाली खाली चालली, म्हैस डबक्यात बसते तशी. मी आणखी दाबलं. मग एकदम चाकांना कडक जमीन मिळाली, गाडीनं बेडकासारखी उडी मारली, आडवी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चढली आणि धप्पकन बसली. माझे वरचे दात खालच्या दातांवर असे आपटले की एक दाढ कडकन बोलली.

सुकलू तोवर पलीकडं पोचून विडी पेटवत होता.

पण लोक खूश! एवढे खूश की विचारू नका! "असा पट जलमात नाई पाह्यला!" वामनराव डोळे पुसत हसत होते, त्यांचा शब्द राहिला होता. गावकऱ्यांनी माझी गाडी चारी बाजूंनी धरून उचलली आणि खाट ठेवावी तशी कडेला नेऊन ठेवली. मी गालावर हात दाबून बाहेर आलो, म्हटलं आता लोक मला खांद्यावर घेतील. बघतो तर आसपास कोणीच नाही. सगळी गर्दी मांडवात.

मांडवात प्रफुल बसला होता. झालं असं, की वामनरावांनी 'दाताचा डॉक्टर कोन?' म्हणून विचारलं, आणि यानं डिकीतून आपली पेटी काढली. अंजनाबाई नावाच्या म्हातारीचा कधीचा हलणारा दात त्यानं बोलता बोलता काढून तिच्या हातावर ठेवला. झालं! अर्धा पट रांगेत! सुकलूनं तर तुफानचंही तोंड उघडून दाखवलं, आणि प्रफुल म्हणाला, "माझ्या पेशंटांपेक्षा चांगले आहेत!" त्या वाक्यावर टाळ्या! भोंगेवाला माइक घेऊन तिथंच उभा राहून पुढचा नंबर पुकारत होता. रीता सगळ्यांना पाणी देत होती. हसत!

मी ठरवलं, मरेन पण या रांगेत उभा राहणार नाही. मग दाढेत अशी कळ आली की मी अंजनाबाईंच्या सुनेमागं जाऊन उभा राहिलो.

"आ कर," प्रफुल म्हणाला. केला. त्यानं बॅटरी मारली, आरसा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दाढेचा टवका उडालाय, ते ठीक आहे. पण प्रवीण, तुझ्या बाकीच्याही दाढा झिजल्यात रे! हे आजचं नाही. तू झोपेत करकरा दात खातोस का?"

मी काय बोलणार? त्याची दोन बोटं माझ्या तोंडात. "आँ," म्हणालो.

"खातात ना!" रीता तांब्या घेऊन पुढं आली. "रोज रात्री! मला वाटतं घरात उंदीर शिरला."

"कधीपासून, वहिनी?"

भोंगेवाला भला माणूस. त्यानं माइक रीताच्या तोंडापुढं धरला.

"तुम्ही लाल गाडी घेतली ना," भोंग्यातून माझ्या बायकोचा आवाज सगळ्या वावरभर घुमला, "त्या दिवसापासून!"

जे हसणं उसळलं, ते बैलांनीसुद्धा रवंथ थांबवून ऐकलं. प्रफुल मात्र हसला नाही. त्यानं शांतपणे माझी दाढ घासली, टोक गुळगुळीत केलं, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "झालं. पाणी पी."

आणि खरं सांगू का? जराही दुखलं नाही हो! एवढं सगळं झाल्यावर माणसानं थोडं तरी दुखवायला पाहिजे होतं ना!