हात घालायची पिशवी

आमच्या तालुक्यातल्या एका अंगणवाडीत साडेतीन वर्षांच्या एका मुलीने ‘बोंड’ हा शब्द उच्चारला आणि प्रशासनाला त्याची दखल घ्यावी लागली. मुलीचं नाव पायल. तोपर्यंत ती एक अक्षर बोललेली नव्हती. कान शाबूत आहेत, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. तिची आजी सुभद्रा रोज तिला सोडायला यायची आणि दारातच विनवायची, “एकडाव आजी म्हन ना माय.” पायल तिच्याकडे बघायची आणि आत निघून जायची.

सेविका जयवंताबाईंनी उशीच्या जुन्या अभ्र्याची एक पिशवी शिवली होती. आत कापसाचं एक फुटलेलं बोंड, तुरीच्या वाळल्या शेंगा, संत्र्याची साल, बारदानाचा तुकडा आणि नदीतला गोटा. पोरांनी न बघता हात घालायचा, चाचपायचं आणि काय लागलं ते सांगायचं. पायल महिनाभर नुसती चाचपत राहिली. एका सकाळी तिच्या बोटांना कापूस लागला, ती हसली आणि म्हणाली, “बोंड.” जयवंताबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. डोळे पुसून त्यांनी पिशवीचा फोटो काढला आणि तालुक्याच्या बालविकास कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला. चूक झाली ती इथे.

मी त्या कार्यालयात लिपिक आहे. पुढची सगळी पत्रं माझ्या हातची आहेत आणि भाषेच्या बाबतीत त्यांत कोणी खोट काढू शकणार नाही.

आमचे प्रकल्प अधिकारी उत्तमरावसाहेब यांनी फोटोला अंगठा दिला आणि मला बोलावलं.

“हे लय भारी काम आहे. याले म्हनतेत काय?”

“पिशवी म्हनतेत साहेब.”

“पिशवी म्हटलं तं वरचे लोक काय म्हनतीन?”

म्हणून मी तिचं ‘स्थानिक संसाधनाधारित बहुस्पर्शी अध्ययन साधन’ असं नामकरण केलं. नाव मिळताच साधन आमच्या अखत्यारीत आलं आणि त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही आली. वाळल्या बोंडाची टोकं बोचतात, हे साहेबांनी शेतकऱ्याचा मुलगा या नात्याने लक्षात आणून दिलं. सालीला बुरशी येते, गोटा पायावर पडतो. सबब सर्व वस्तू काढून त्यांची रंगीत, लॅमिनेशन केलेली चित्रं पिशवीत ठेवावीत, असं पत्र गेलं.

जयवंताबाईंचा फोन आला. “भाऊ, न पाहता हात घालाचा रायते. आतमंदी चित्रं कायले?”

“हाताले लागतेत ना?”

“लागतेत. पन समदे सारखेच लागतेत.”

मी नोंद केली, ‘साधनात एकरूपता साध्य झाली.’

दुसरं पत्र स्वच्छतेबद्दल होतं. हातांनी जंतू पसरतात, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय स्पर्श करू नये. हातमोजे आले ते मोठ्या माणसांच्या मापाचे. पोरांचे हात त्यांत कोपरापर्यंत बुडायचे आणि बोटं कुठे गेली ते पोरांनाच कळायचं नाही. मग जिल्हास्तरीय पुरस्कारासाठी समिती येणार असल्याचं कळलं. समिती येईपर्यंत साधन मळू नये, म्हणून तिसऱ्या पत्राने पिशवी काचेच्या कपाटात गेली. कपाटावर ‘हात लावू नये’ अशी पाटी लागली. पोरांना वाचता येत नाही, हा मुद्दा मीच काढला. त्यामुळे सेविकेने प्रार्थनेनंतर पाटी रोज दहा वेळा म्हणून दाखवावी, असं ठरलं. जयवंताबाई ती आपल्या बोलीत म्हणायच्या. समिती आली तेव्हा एकाही मुलाने कपाटाला हात लावला नाही. शिस्तीचे पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्याच आठवड्यात सुभद्रा कार्यालयात आली. “सायेब, पोरगी पुन्हा मुकी झाली. नुसती त्या काचीकडं पायत बसते. तेवढी पिशवी काहाडून द्या ना.”

कपाटाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात होती. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. मी तिला अर्ज द्यायला सांगितलं. ती बाहेर जाऊन कोणाकडून तरी लिहून घेऊन आली. मी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तो फाईलला लावला.

पुरस्कार समारंभ अमरावतीला झाला. मंचावर मधोमध कपाट, एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला आजीचं बोट धरून पायल. “आता ही बालिका आपला पहिला शब्द पुन्हा म्हणून दाखवेल,” असं साहेबांनी जाहीर केलं आणि तिच्यापुढे माईक आला. पायल गप्प. शेवटी सुभद्रा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “बोंड नोको म्हनू,” ती हळूच म्हणाली. “आजी म्हन. एकडाव.” आणि तिने नातीच्या गालाकडे हात नेला.

पायल एक पाऊल मागे सरली. माईकमध्ये स्वच्छ आवाज आला, “हात नोको लावू.”

टाळ्या थांबेनात. एका शब्दावरून एकदम तीन शब्दांचं अख्खं वाक्य! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तिथल्या तिथे अहवालात प्रगती नोंदवली. सुभद्राचा हात मात्र बराच वेळ तसाच हवेत होता. त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

तुम्ही मला शिव्या घालत असाल. जरूर घाला. फक्त एवढं सांगतो, की ते कपाट आम्ही सुताराकडून तुमच्या बैठकीतल्या शोकेससारखं करून घेतलं होतं. वरच्या फळीवर पोराच्या आत्याने वाढदिवसाला दिलेलं खेळणं ठेवलंय ना तुम्ही, खोक्यातून न काढलेलं, तेच. पोर त्याच्याकडे हात करतं तेव्हा तुम्ही जे म्हणता, ते म्हणायला आम्हाला तीन पत्रं काढावी लागली.