बॉथेल ते शिकागो, तेरा गोळ्यांसह

कायदा हा जमिनीवर राहणाऱ्या माणसांनी जमिनीवर राहणाऱ्या माणसांसाठी केलेला असतो. त्यामुळे जमीन सुटली की त्याचं काय करायचं, याबाबत जगभर थोडा गोंधळ आहे. अमेरिकेने हा गोंधळ अत्यंत शिस्तीने राखला आहे. वॉशिंग्टन राज्यात गांजा कायदेशीर. इलिनॉय राज्यातही कायदेशीर. मात्र मधलं आकाश केंद्र सरकारचं, आणि केंद्र सरकारला गांजा मान्य नाही. म्हणजे पुलाची दोन्ही टोकं मंजूर, पूल तेवढा अनधिकृत.

सिॲटलजवळच्या बॉथेल गावातल्या मनोहर देवस्थळींना हे पचलं नाही, कारण त्यांनी एकतीस वर्षं पूलच बांधले होते. वय एकाहत्तर. चव्वेचाळीस वर्षांच्या अमेरिकन वास्तव्यात पार्किंगचा एकही दंड नाही (एकदा आला होता, तो शेजाऱ्याचा निघाला).

अशा माणसाच्या घरी गांजा येण्याचं कारण त्यांच्या पत्नी, आसावरी. दोन वर्षांपूर्वी त्यांना नागीण झाली. फोड गेले, पण बरगडीखालची आग गेली नाही. अंगाला कपडा टेकला तरी त्या दचकत. डॉक्टरांनी तीन औषधं बदलली आणि चौथ्या खेपेला घसा खाकरून गांजाच्या दुकानातल्या गोळ्या सुचवल्या. मऊ, साखरेत घोळवलेल्या, लिंबाच्या चवीच्या. पहिल्या गोळीनंतर आसावरीताई सलग सहा तास झोपल्या आणि उठल्यावर चहात आलं कमी पडल्याची तक्रार केली. दोन वर्षांत त्यांनी कशाचीच तक्रार केली नव्हती. मनोहरांना भरून आलं.

तेवढ्यात शिकागोहून बारशाचं बोलावणं आलं. एकुलत्या एक मुलीला, अनयाला, मुलगी झाली होती.

"गोळ्या बरोबर नसतील तर मी येणार नाही," आसावरीताई म्हणाल्या. "नातीला मांडीवर घेऊन कण्हत बसायचं नाहीये मला."

मनोहरांनी सवयीने टिपण तयार केलं. पर्याय एक, गाडीने जाणे: अंतर दोन हजार मैल, आयडाहोत गुन्हेगार, मोंटानात निर्दोष, नॉर्थ डकोटात पुन्हा गुन्हेगार, मिनेसोटात निर्दोष, विस्कॉन्सिनात गुन्हेगार. पर्याय दोन, सर्व गोळ्या बॉथेलमध्येच खाऊन निघणे: गोळी पोटात गेली की ती सामान राहत नाही, प्रवासी होते, परंतु मूळ प्रवासी शुद्धीत राहील याची हमी नाही. पर्याय तीन, शिकागोत अनयाकडून विकत आणवणे. दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

तिसरा पर्याय सोपा, कायदेशीर आणि म्हणूनच अशक्य होता. अनया कॉलेजात असताना तिच्या बॅगेत एक गांजाची सिगरेट सापडली होती. मनोहरांनी "आपल्या घरात हे चालत नाही" असं एक वाक्य उच्चारलं होतं आणि त्यानंतर बरेच महिने तिच्याशी दुसरं वाक्य उच्चारलं नव्हतं.

तेव्हा विमान ठरलं. सिॲटलच्या विमानतळावर कोणी काही विचारायच्या आतच मनोहरांनी गोळ्यांची डबी वर धरली आणि गुन्हा कबूल केला.

तपासनीस बाईंनी डोळे मिटले. "सर, आम्ही हे शोधत नाही. पण तुम्ही दाखवलंत, आता मला पोलीस बोलवावा लागेल. मागे बघा, किती लोक आहेत."

मागे साठेक लोक होते. त्यांतल्या अनेकांनी नेमक्या त्या क्षणी आपल्या बॅगा छातीशी धरल्याचं मनोहरांनी पाहिलं.

पोलीस आला. त्याने डबी उघडून मोजलं. "तेरा. वय एकवीस पूर्ण आहे?"

"पन्नास वर्षांपूर्वीच."

"मग हे कायदेशीर आहे. हॅव अ गुड फ्लाइट."

"पण विमानात?"

"विमान माझ्या हद्दीत नाही."

"मग कोणाच्या?"

"ते वर गेल्यावर कळेल," पोलीस म्हणाला. मनोहरांनी हे लेखी मागितलं. त्याने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं: मनाला फारच लागत असेल तर ती सोय आहे. मनोहर खरोखर डब्यापाशी जाऊन उभे राहिले. हात पुढेही केला. तेव्हा आसावरीताईंनी डबी काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"तुमचं चारित्र्य सांभाळा. माझी बरगडी मी सांभाळते. चला, बोर्डिंग सुरू झालंय."

विमानाची चाकं उचलली आणि मनोहर गुन्हेगार झाले. चार तास त्यांनी घामाघूम होत काढले. प्रमुख आरोपी शेजारी तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.

शिकागोत अनया न्यायला आली. गाडी हायवेला लागते न लागते तोच मनोहर म्हणाले, "अनया, आम्ही एक गुन्हा केलाय." आणि सगळं सांगितलं.

अनयाने आधी गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाली, "बाबा, यू डिडंट टॉक टू मी फॉर सिक्स मंथ्स."

"पाच," मनोहर म्हणाले. पुलाचं मोजमाप सांगावं तसं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सहा. चुकलंच माझं."

"ते जाऊ दे. आई, दोन वर्षं तुला दुखतंय? दर रविवारी फोनवर 'आम्ही मजेत' म्हणत होतीस. मला का नाही सांगितलं, यार?"

आसावरीताईंनी अनयाचा गिअरवरचा हात तेवढा थोपटला.

बारशाला साठीपुढचे तेवीस पाहुणे होते. बहुतेक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. बातमी पाळण्याच्या दोऱ्या बांधून होईपर्यंत सर्वांना कळली. जाहीर मत: तेवीस विरुद्ध, बाजूने कोणी नाही. खासगी चौकशा: अकरा. (पैकी सात गोळी किती मिलिग्रॅमची याबाबत, तीन चवीबाबत. अकरावे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी आपण त्या जीवनसत्त्वांच्या बाटलीतून नेतो, सहा वर्षांत कोणी विचारलं नाही, असं सांगून मनोहरांच्या भाबडेपणाबद्दल हळहळ व्यक्त केली.) मुलांपासून लपवता का, या प्रश्नाला अकराही जणांनी एकच उत्तर दिलं: मुलं विचारतात कुठे?

या अकरा जणांची नावं इथे देता येत नाहीत. वाचकांपैकी ज्यांचे आईवडील फोनवर दर रविवारी मजेत असतात, त्यांनी ती स्वतःच तपासून घ्यावीत.