चौकोनांची मंजूर प्रत

धोक्याची सूचना कामगाराच्या भाषेत असावी, हे सुधारलेल्या कारखान्याचे लक्षण होय. ती कामगाराला वाचता यावी, ही पुढची पायरी असून तिच्यावर काम चालू आहे.

सौदी अरेबियात धाहरानजवळच्या एका रसायन कंपनीत नाशिकचे उमाकांत साठे सुरक्षा अभियंता आहेत. टाक्या साफ करायला आत उतरणारे सव्वीस कामगार बांगलादेशी. त्यांच्यासाठी 'आधी गॅस मोजा, मग उतरा' एवढेच बंगालीत लिहून टाकीच्या तोंडाशी लावायचे होते. या एका ओळीने बंगाली टायपिंगचा सारा इतिहास पाहिला.

पहिल्या युगात ती शेजारच्या खोबर शहरातल्या टायपिंगच्या दुकानात टाइप झाली. दुकानातल्या संगणकावर ती बंगाली होती. कंपनीच्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरे, टक्के आणि उद्गारचिन्हे झाली. (धोक्याचे गांभीर्य नीट उतरले आहे, असा शेरा मिळाला.) दुसऱ्या युगात जगभर कुठल्याही संगणकावर चालणारी युनिकोड अक्षरे आली. पण कंपनीत बंगाली फॉन्ट टाकायला मनाई, त्यामुळे त्यांचे चौकोन झाले. एकसारखे, सरळ रेषेत. आठ जणांनी सह्या केल्या, आठवी उमाकांतरावांची. सूचना लॅमिनेट होऊन टाकीवर चढली.

त्यानंतर अपघात एकही झाला नाही. वार्षिक अहवालात याचे श्रेय सूचनेला आहे. प्रत्यक्षात मुकादम कादिर रोज सकाळी टाकीच्या तोंडाशी उभा राहून तीच ओळ ओरडून सांगे, आणि मीटरचा आकडा पाहिल्याशिवाय कुणाला शिडीवर पाय ठेवू देत नसे.

तो कादिर गुरुवारी दोन महिन्यांच्या रजेवर निघाला.

"साहब, मैं तो चला. ये डब्बे कौन पढ़ेगा?"

उमाकांतराव चपापले. तिसरे युग (इंग्रजी अक्षरे दाबली की बंगाली उमटते) कंपनीच्या विचाराधीन असतानाच संपले होते. चौथ्या युगात कादिर मोबाइलशी बोलला आणि नऊ सेकंदांत स्वच्छ बंगाली ओळ उमटली. उमाकांतराव तिचे चित्र छापून कागदपत्र विभागात गेले. तिथल्या शर्मिला कुलकर्णींनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या.

"हे मंजूर प्रतीशी जुळत नाहीये हो."

"जुळेल कसं? ते चौकोन आहेत, ही भाषा आहे."

"मग बदलाचा अर्ज भरा. आठ सह्या, एकवीस दिवस."

"आणि रविवारी माणसं उतरणारेत, त्यांचं काय?"

"मंजूर सूचना लावलीय ना? मग झालं तर!"

कादिरने जाताजाता पुठ्ठ्यावर मार्करने ती ओळ लिहिली आणि टाकीला बांधली.

रविवारी तपासणी होती. विनापरवाना पुठ्ठा उमाकांतरावांनी स्वतःच्या हाताने सोडवला. (दोरी गुंडाळून जागेवर ठेवली.) मग 'सूचना वाचली व समजली' असे रजिस्टर फिरले. शेवटचा कामगार पेन हातात घेऊन थबकला.

"साहब, क्या लिखा है?"

"वही, जो रोज़ लिखा रहता है. साइन करो, चलो, यल्ला!"

सव्वीस सह्या पूर्ण झाल्या. शिडीवर पहिला पाय पडला, तेव्हा मीटर पुठ्ठ्याशेजारी पडून होता, बंद.

उमाकांतरावांची चीड आलेल्या वाचकाने आपल्या मोबाइलवर 'मान्य' केलेल्या अटींपैकी एक तरी आठवून सांगावी. नसेल आठवत, तर रजिस्टरमध्ये सत्ताविसावी ओळ मोकळी आहे.