उलटे चाला, गुडघे विसरा

रविवारी सकाळी संपादक दात घासत खिडकीत आला आणि त्याला आपली आई समोरच्या बागेत उलटी चालताना दिसली.

आधी त्याला वाटले, ती कुणाच्या तरी सायकलीला वाट देण्यासाठी मागे सरकते आहे. पण सायकल कुठे दिसेना आणि आई थांबेना. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, चेहऱ्यावर ठाम निश्चय आणि पाठ थेट कारंज्याकडे. बागेतले कारंजे कित्येक वर्षे बंद होते, पण त्याचा दगडी काठ अगदी शाबूत होता. संपादक "आई!" म्हणून ओरडला. निदान ओरडायचे तरी तेच होते. प्रत्यक्षात तोंडातून बाहेर आला तो फेस. मग तो हातात ब्रश आणि पायात बायकोच्या चपला अशा अवतारात खाली धावला आणि काठ वीतभर राहिला असताना त्याने आईचा हात पकडला.

"अगं, काय चाललंय काय तुझं?"

"उलटी चालतेय. दिसत नाही?"

"पण का?"

"आता मलाच विचार! तूच छापलंयस ना?" आई म्हणाली. "आधी तोंड पूस."

छापले होते खरे. संपादक एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतले आरोग्याचे पान बघत असे. जगभरातले संशोधन सामान्य वाचकाला समजेल असे करून द्यायचे, हे त्याचे काम, आणि या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. 'कदाचित', 'काही अंशी', 'बहुधा', 'अद्याप निश्चित सांगता येत नाही' असले शब्द दिसले की त्याची बोटे शिवशिवत. ऑफिसात त्याला सगळे 'गाळणी' म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होते आणि मनातून थोडे आवडतही होते.

या वेळचा लेख एका तरुण संशोधक बाईंचा होता. म्हातारपणी तोल का जातो, यावर त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी लिहिले होते की, बाजूला आधाराचा कठडा आणि सोबत जाणकार व्यक्ती असताना, सपाट जमिनीवर थोडी पावले मागे चालणाऱ्या काही ज्येष्ठांना तोल सांभाळण्यात अल्प फायदा झाल्याचे आढळले. मात्र सहभागी मोजकेच असल्याने यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. हे वाक्य संपादकाने दोनदा वाचले आणि त्याला धाप लागली. कठडा गेला, जाणकार व्यक्ती गेली, मोजके सहभागी गेले. तोल हा शब्द त्याला मथळ्यात बरा दिसेना. तोल जातो असे कबूल करायला कुणी तयार नसते. गुडघे मात्र घरटी दुखतात. म्हणून तोल गेला आणि गुडघे आले. उरले ते असे: 'उलटे चाला, गुडघे विसरा!'

छापण्याआधी हे संशोधक बाईंना दाखवायचा प्रश्नच नव्हता. तशी ऑफिसची पद्धतच होती. फार पूर्वी एका शास्त्रज्ञांना असा लेख दाखवला होता, तर पाऊण पानाचा लेख फुगून पुस्तकाएवढा होऊन परत आला. तेव्हापासून लेखकाने आपला लेख वाचकांबरोबरच वाचायचा, असे ठरून गेले होते.

"आई, ते तसं नाहीये," घरी आल्यावर संपादक म्हणाला. "ते चुकीचं आहे."

"चुकीचं आहे? मग छापलंस कसं?"

"म्हणजे चुकीचं नाही. थोडं सोपं केलंय."

"हो ना? मग मला सोपंच जातंय की," असे म्हणून आई चहा ठेवायला आत गेली. उलटी.

आईचे असे होते की, तोंडी सांगितलेली गोष्ट ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देई. छापलेली मात्र शिरसावंद्य. आणि मुलाने छापलेली म्हणजे मग बोलायलाच नको.

"अहो, मी सांगून पाहिलं आईंना," बायको म्हणाली. "तर म्हणाल्या, नवऱ्याच्या लिखाणावर बायकोचाच विश्वास नाही म्हटल्यावर लोकांनी काय करायचं? आता मी काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी संशोधक बाई ऑफिसात आल्या. दिसायला किरकोळ, पण खुर्चीवर पर्स अशी आपटली की शेजारच्या टेबलावरच्या टाचण्या उडाल्या.

"सर, मी गुडघे हा शब्द कुठे लिहिला होता?"

"शब्दशः नाही, पण—"

"माझ्या आख्ख्या अभ्यासात एकही गुडघा नाही! मला माझ्या गाईडनी फोन केला. म्हणाले, अभिनंदन, तुम्ही औषधाची गरजच संपवली. ते चेष्टा करत होते, सर. मी रात्रभर रडले. आणि मला एक सांगा, कठडा का काढलात?"

"वाक्य फार लांब होत होतं, मॅडम."

"म्हातारी माणसं पडतील ना सर!"

संपादकाच्या डोळ्यांसमोर तो दगडी काठ आला. एरवी वाचक म्हटले की त्याला एक मोठी, धूसर, घाईत असलेली गर्दी दिसे. आज पहिल्यांदाच त्या गर्दीला आईचा चेहरा आला. तो उठला आणि बाईंना घेऊन तडक मालकांच्या खोलीत गेला.

मालक खुशीत होते. "या, या! काय लेख काढलात! फोन थांबत नाहीत. आता पुढच्या रविवारी जिना घ्या. 'उलटे जिने चढा, हृदय जपा.' कसं वाटतं?"

संशोधक बाई मटकन खुर्चीत बसल्या. संपादकाला घाम फुटला. आई राहत होती तिसऱ्या मजल्यावर.

"साहेब, आपल्याला दुरुस्ती छापायला हवी."

"दुरुस्ती? अहो, एक चूक झाली म्हणून छापलं की वाचकाला वाटतं, आधीच्या अंकांतही चुका होत्या."

"होत्याच."

"तेच तर म्हणतोय मी!"

तीन-चार दिवस असेच गेले. मालक हलेनात आणि बागेत गर्दी वाढू लागली. निवृत्त पोस्टमास्तर, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, समोरच्या इमारतीतले शिंपीकाका, सगळे उलटे. एकमेकांना पाठ लागली की "माफ करा" म्हणायचे आणि पुन्हा चालू. पोस्टमास्तर एकदा कचराकुंडीत बसले. सुदैवाने ती भरलेली होती. संपादक रोज सकाळी आईचा हात धरून तिच्यासमोर चालत होता, कारण ती थांबत नाही म्हटल्यावर दुसरा इलाजच नव्हता. आणि रोज ऑफिसात जाऊन मालकांपुढे उभा राहत होता. शेवटी तो म्हणाला, "दुरुस्ती छापणार नसाल तर आरोग्याचं पान दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्या आईला पाडणारं पान मी काढणार नाही." हे बोलून झाल्यावर त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

दुसऱ्या सकाळी मालकांचाच फोन आला. आवाज पडलेला.

"छापा दुरुस्ती. आमच्या सासूबाई काल उलट्या चालत फिश टँकपर्यंत पोचल्या."

"अरे बापरे! कशा आहेत?"

"त्या ठणठणीत आहेत. मासे बादलीत आहेत. चार ओळींच्या वर जाऊ नका."

संपादकाने संशोधक बाईंना बोलावून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मजकूर छापण्याआधी लेखकापुढे ठेवला. पण भीतीने त्याचा हात सैल सुटला होता. दुरुस्तीत त्याने कठडा घातला, जाणकार व्यक्ती घातली, ओली जमीन, सैल चपला, चष्म्याचा नंबर, डॉक्टरांचा सल्ला, जवळपासची कुत्री, सगळे घातले. 'कदाचित' तर जागोजागी पेरले होते. बाईंनी ते वाचले आणि कपाळाला हात लावला.

"सर, हे वाचेल कोण?"

"पण मॅडम, सगळं खरं आहे."

"खरं आहे हो, पण आजी-आजोबा तिसऱ्या ओळीला चष्मा काढून ठेवतील. द्या तो पेन इकडे." आणि त्यांनी सपासप रेघा मारायला सुरुवात केली. संपादक प्रत्येक शब्दाला "अहो, हा तरी राहू द्या" म्हणून गयावया करत होता. शेवटी कागदावर राहिले ते इतकेच: 'मागच्या रविवारचा मथळा चुकला. गुडघ्यांचा अभ्यास झालेलाच नाही. कुणीतरी हात धरल्याशिवाय मागे चालू नका. चूक संपादकाची, संशोधकाची नाही.' शेवटचे वाक्य संपादकाचे होते. ते बाई खोडायला निघाल्या, तेव्हा त्याने कागदावर तळहात ठेवला.

रविवारी आईने दुरुस्ती चष्मा लावून वाचली. संपादक श्वास रोखून बघत होता. सुटलो एकदाचे, असे त्याला वाटत होते. आईने पुरवणी नीट घडी करून ठेवली, चपला घातल्या आणि दारात उभी राहून हात पुढे केला.

"चल."

"आता कुठे? वाचलंस ना तू?"

"वाचलं की. हात धरल्याशिवाय चालायचं नाही. छापलंय तसं."

तेव्हापासून बागेचे रूपच पालटले. प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे एक हात धरणारे माणूस आले. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची लेक. ऑफिसचे कपडे चढवलेले आणि खिशात फोन कोकलत असलेले. हात गुंतलेले असल्याने फोन घेता येत नसे. सरळ चालताना माणसे एकमेकांच्या शेजारी असतात, पुढेमागे असतात. उलटे चालणाऱ्याचा हात धरायचा तर समोरासमोरच उभे राहावे लागते.

"तुझे केस पांढरे झाले रे," एकदा आई म्हणाली.

"कधीचेच झालेत."

"असतील. मी तुला ऑफिसला जाताना पाठमोरंच बघते ना."

संपादक तिचा हात धरून पुढे चालत राहिला आणि ती मागे.

या बागेची हकिकत ऐकून संशोधक बाईंना वाटले, इथल्या लोकांचाही अभ्यास करावा. पुरवणीसाठी नवा लेखही होईल, या वेळी सगळा खरा. म्हणून एका सकाळी त्या जरा लवकरच बागेत येऊन थांबल्या. पाहतात तो बाकावर सगळी मंडळी गप्पा मारत बसलेली. पोस्टमास्तर बागेला फेऱ्या घालत होते, सरळ आणि भराभर. संपादकाची आई उकिडवी बसून फुले वेचत होती आणि कशाचाही आधार न घेता उठत होती. तेवढ्यात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आली हो, पोरं आली!" त्याबरोबर सगळे उठले, फाटकाकडे तोंड करून उभे राहिले आणि डगमगत मागे चालू लागले.

"आजी!" संशोधक बाई धावतच आईपाशी गेल्या. "तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" आई हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशी मी खरंच चालले, पोरानं छापलंय म्हणून. पण तो तोंडाला फेस घेऊन धावत आला आणि त्यानं हात धरला बघ. शाळेत असताना रस्ता ओलांडायला धरायचा, त्यानंतर आत्ताच. मग कसं थांबवू गं? बरे झाले म्हटलं तर यायचा बंद होईल, फार दुखतात म्हटलं तर डॉक्टरकडे नेईल. म्हणून विचारलं की म्हणते, थोडा फरक आहे."

"पण आजी, मला जे खरं आहे ते लिहावं लागेल."

"लिही की. पण सगळंच लिहायला पाहिजे, असं कुणी सांगितलंय?"

"मीच सांगितलंय," बाई केविलवाण्या आवाजात म्हणाल्या. "सरांना. ओरडून."

आईने फक्त त्यांच्या गालावरून हात फिरवला.

त्यानंतर आठवडाभर बाई रोज सकाळी बागेत येत राहिल्या आणि मग बागेच्या फाटकापाशीच त्यांनी लेख संपादकाच्या हातात दिला. त्याने तो उभ्याउभ्या वाचला. नेमका, सोपा, एक शब्द काढावा असे नाही. फक्त शेवटी एक ओळ होती: 'बागेतील व्यक्तींच्या नोंदी या अभ्यासात धरलेल्या नाहीत.'

"का हो? इतके दिवस सकाळी येत होतात."

संशोधक बाई कानापर्यंत लाल झाल्या. "जागेअभावी," त्या म्हणाल्या.

संपादक मोठ्याने हसला. मग त्याने बागेकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, गुडघे दुखणारं माणूस धरलेल्या हातावर भार टाकतं. आईने एक दिवसही टाकलेला नाही. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे लिहिलंत?"

त्याने लेख खिशात ठेवला आणि तो आत गेला. आई फाटकाकडे तोंड करून, हात पुढे करून उभीच होती. त्याने तो धरला. नेहमीसारखाच, पिसाएवढा हलका.

"आज गुडघे कसे आहेत?"

"थोडा फरक आहे," आई म्हणाली.

"थोडाच ना?" संपादक म्हणाला. "मग इतक्यात थांबवायला नको."