वापरात असलेलं घर

आमच्या समोरच्या नानांच्या घरात अनोळखी माणूस शिरला, तर नाना त्याला ‘कोण पाहिजे’ असं विचारत नाहीत. खुर्चीतून उठतात, सदऱ्याचं वरचं बटण लावतात आणि त्याला घर दाखवायला लागतात.

असं कोण कुणाच्या घरात शिरतं, असं वाटेल. पण आमची आळी कसबा पेठेतली, फार जुनी. दर रविवारी सकाळी प्राची नावाची एक मुलगी पंधरा-वीस माणसं घेऊन येते आणि त्यांना आळी दाखवते. दारांवरचं कोरीव काम, दगडी पायऱ्या, लोखंडी कड्या. माणसं माना वर करून बघतात, फोटो काढतात. आमच्याकडे दिवसा दार लावायची पद्धत नाही. दिवसा दार लागलेलं दिसलं की घरात कुणी आजारी आहे किंवा भांडण झालंय, असं समजायचं. त्यामुळे पाहुण्यांपैकी एखाद्याला वाटतं की हे उघडं दारही बघण्यातलंच आहे. तो सरळ आत जातो.

नानांकडे पहिल्यांदा शिरले ते एक मुलगा आणि एक मुलगी. मी तेव्हा खिडकीशी बसून साडीला फॉल लावत होते. माझ्या खिडकीतून नानांची बाहेरची खोली अख्खी दिसते, बोलणंही ऐकू येतं. नाना चहा पीत होते. ती दोघं त्यांच्याकडे न बघता भिंती बघत राहिली. मग मुलाने कोपऱ्यातल्या पाट्याकडे बोट दाखवलं.

“हा ओरिजिनल आहे का?”

“नाही,” नाना म्हणाले. “मूळचा दगड होता. नंतर पाटा केला.”

“किती जुना असेल?”

“पाटा माहीत नाही. चटणी कालची आहे.”

मुलगी म्हणाली, “काका, आम्ही फोटो काढला तर चालेल? सगळ्याचा?”

“सगळ्यात मी येतो का?”

“तुम्ही इथले केअरटेकर ना?”

नानांनी जरा विचार केला. “सध्या तरी मीच,” म्हणाले. आणि कप खाली ठेवून उठले.

नानांचं आयुष्य बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. गिऱ्हाईक आलं की माल दाखवायचा, पण घ्या म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. घरही ते तसंच दाखवायला लागले. “बघा. घाई नाही. विकायचं काही नाही, त्यामुळे मलाही घाई नाही.” हा कंदील, वीज गेली की वापरात आहे. हा आरसा, दाढीपुरता वापरात आहे. ही खुंटी, हिच्यावर माझी टोपी, वापरात आहे. एका पाहुण्याने विचारलं, “आणि तुम्ही?” तर म्हणाले, “मीही आहे. जरा कमी.”

पुढे पुढे त्याची त्यांना गोडीच लागली. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा. खुर्ची दारातून दिसेल अशी तिरकी. स्टोव्हवर मोठं पातेलं. पाहुणे आत आले की शेवटी चहा ठरलेला. कुणी म्हणालं, “काका, कशाला त्रास,” तर नाना म्हणायचे, “म्युझियमचा चहा आहे. नाही म्हणता येत नाही.”

माझ्याशीही ते बोलतात. म्हणजे तेच बोलतात. मी लग्न होऊन या आळीत आले त्याला किती वर्षं झाली, माझी मुलं इथेच मोठी झाली, पण माझं माहेर मांजरी गावचं, म्हणून नानांच्या लेखी मी अजून बाहेरगावचीच. खिडकीत दिसले की म्हणायचे, “काय मांजरीकर, आज बोलण्याचा उपवास का?” मी मान हलवायची. मला लोकांपुढे पटकन शब्द सुचत नाहीत. सुचतात तेव्हा माणूस निघून गेलेला असतो.

पाहुण्यांचा एक प्रश्न हमखास असायचा. घर बघून झालं की कुणीतरी विचारायचं, “इथे पूर्वी कोण राहायचं?”

“आम्ही,” नाना म्हणायचे.

“आणि आता?”

“आताही आम्हीच. मी आणि आमची मंडळी. ती मंडईत गेलीय. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी अख्खी मंडई फिरते. येईलच.”

लोक हसायचे. एखादी बाई म्हणायची, “आमच्या सासूबाईही अशाच.” मग चहा पिऊन, नानांना नमस्कार करून, ‘काकूंनाही सांगा’ म्हणून निघून जायचे.

कुसुमकाकूंना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मला वाटलं, नानांचं काही बिघडलं की काय. मग मी लक्ष ठेवलं. बिघडलं काही नव्हतं. काकूंची मंडईची पिशवी, निळी, पट्ट्यापट्ट्यांची, नानांच्या टोपीशेजारच्या खुंटीवर आठवडाभर असायची. रविवारी सकाळी नाना ती काढायचे, नीट घडी घालायचे आणि कपाटात ठेवायचे. पिशवी घरात दिसली, तर बाई मंडईत गेलीय हे कोण खरं मानेल. पाहुणे गेले की पिशवी परत खुंटीवर.

आळीत हे कुणापुढे बोलायची सोय नव्हती. आम्ही सगळे काकूंच्या तिरडीमागून चालत गेलेलो. आम्हाला नाना काय सांगणार? आमच्याशी बोलताना त्यांना ‘कुसुम होती’ असंच म्हणावं लागायचं. काकू तासभर बाहेर गेल्यात, असं समजणारी माणसं फक्त रविवारी यायची.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि मग ते बंदच झालं.

झालं असं, की पलीकडच्या शिंदेवहिनी न्हाऊन केस पुसत बाहेर आल्या, तर एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून चुलीचा फोटो काढत होते. वहिनींनी प्राचीला चांगलं ऐकवलं. त्यांचंही खरंच होतं. प्राची बिचारी घरोघर माफी मागत फिरली.

“काका, सॉरी,” ती नानांना म्हणाली. “आमची माणसं तुमच्याकडेही शिरतात. आता कुणी येणार नाही.”

“माझी तक्रार नाही.”

“तुम्ही बोलत नाही, पण त्रास होतोच ना.”

“शिंद्यांच्या दाराची तक्रार शिंद्यांच्या दाराला. माझ्या दाराला काही झालेलं नाही.”

प्राची हसली. नाना मोठ्या मनाने बोलताहेत, असं तिला वाटलं. “नाही काका. नियम सगळ्यांना सारखा.”

पुढच्या रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. माणसं आली, दारावरची वेलबुट्टी बघून आपसात हळूच म्हणाली, “लोक राहतात हं इथे, आत नाही जायचं.” एका बाईंनी पायरीवर पाय ठेवला. नाना उठले. “या, या. वापरात आहे.” बाईंनी पाय मागे घेतला. “नको काका, तुम्हाला डिस्टर्ब नाही करत.” आणि गेल्या. नाना उभेच होते. मग त्यांनी पातेल्याखालचा स्टोव्ह बंद केला.

असे काही रविवार गेले. पातेलं लहान झालं. सदऱ्याची इस्त्री गेली. गेल्या रविवारी सकाळी मी खिडकी उघडली, तर नानांचं दार अर्धं लोटलेलं. आणि उरलेल्या अर्ध्यातून खुंटीवरची निळी पिशवी दिसत होती. ती आज कपाटात गेली नव्हती.

मी फॉल लावायला घेतला. टाका तिरका गेला, उसवला, परत तिरका गेला.

प्राचीची माणसं आली. ती माझ्या दारापुढे आली तेव्हा मी पदर नीट केला, चपला घातल्या आणि त्यांच्यात शेवटी जाऊन उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं. माणसं पुढे सरकली. मी सरकले नाही. काकूंच्या हळदीकुंकवाला मी या दारातून कितीदा आत गेले होते. काकू गेल्यावर एकदाही नाही. मी दार ढकललं.

नाना खुर्चीत होते. माझ्याकडे बघत राहिले.

“मी मांजरीहून आलेय,” मी म्हणाले. “घर बघायला.”

नानांचा हात वर गेला आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“बघा,” ते म्हणाले. “घाई नाही.”

त्यांनी मला पाटा दाखवला. कंदील दाखवला. आरसा दाखवला. खुंटीपाशी आले आणि थांबले. आता पुढचं मलाच विचारायचं होतं.

“इथे कोण राहतं?”

नानांनी पिशवी खुंटीवरून काढली. घडी घातली, हाताने दाबून नीट केली. कपाट उघडलं, पिशवी आत ठेवली, कपाट लावलं. मग माझ्याकडे वळले.

“मी आणि आमची मंडळी,” ते म्हणाले. “मंडईत गेलीय. येईलच.”

“मग थांबते मी,” मी म्हणाले, आणि बसले.

नानांनी पातेलं काढलं. मोठं.